‘एवढा जीव लावता तं देता कायले?’

हा प्रश्न आम्हांला अमरावतीच्या राजापेठेत विचारण्यात आला आहे, अकोल्याच्या जठारपेठेत विचारण्यात आला आहे, आणि महाविद्यालयांच्या प्राध्यापक-कक्षांत तर तो शुद्ध प्रमाण मराठीत, चहाचा कप खाली ठेवून, अत्यंत समंजस चेहऱ्याने विचारला जातो. विषय असतो कुत्र्याच्या पिल्लाचा. नालीतून, पोत्यातून, रस्त्याच्या कडेवरून उचललेले, दोन-तीन महिने घरात ठेवून जगवलेले आणि मग एखाद्या बऱ्या घरी सोपवलेले पिल्लू. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर आधीच ठरलेले असते. ज्यांना देता येते त्यांचा जीव खरा लागलेलाच नसतो. आणि लागला असेल, तर देणे हा निर्दयपणा होय. म्हणजे आम्ही एक तर ढोंगी, नाही तर क्रूर. या दोन्ही विशेषणांशी आमचे भांडण आहे.

आम्ही मराठी शिकवतो, म्हणून आधी शब्दाकडे पाहू. इंग्रजीत ज्याला फॉस्टरिंग म्हणतात त्याला प्राण्यांच्या बाबतीत मराठीत रुळलेला शब्द नाही. ‘दत्तक’ म्हणावे तर ते कायमचे. ‘पाळणे’ म्हणावे तर त्यात मालकी आली. ‘सांभाळणे’ जवळचे खरे, पण ते देवळाबाहेरच्या चपलांनाही चालते. शब्द नाही म्हणून ती गोष्टच समाजाला ठाऊक नाही असे मात्र नव्हे. वऱ्हाडातल्या खेड्यांत ढोरकी सकाळी साऱ्या गावाची गुरे घेऊन रानात जात असे, काटा रुतला तर काढत असे, व्यायला आलेली गाय जपत असे आणि दिवेलागणीला ज्याचे जनावर त्याच्या दावणीला पोचवत असे. बटईने शेळी पाळणारी बाई पाठीवरच्या पोरासारखे करडू वाढवते आणि वाटणीच्या दिवशी मालकाला देते. त्यांना कोणी ‘देता कायले’ असे विचारले नाही. परत देण्यासाठीच वाढवणे, आणि तरीही पोटच्यासारखे वाढवणे, हे आपल्या अंगवळणी पडलेले होते. कुत्र्याची पाळी आल्यावरच ते नाटकी का वाटावे?

कदाचित कुत्रा आहे म्हणूनच. आपली भाषा या प्राण्याशी फारशी सभ्यपणे वागलेली नाही. वाईट मरण ते कुत्र्याचे, न सुधारणारे शेपूट त्याचे, आणि हालांची परिसीमा झाली की ते कुत्राही खाणार नाही. दुसरीकडे दत्तात्रेयांच्या पायाशी चार कुत्री आहेत, नामदेव भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावल्याची कथा आहे, आणि महाभारताच्या प्रारंभी सरमेचे मार खाल्लेले पिल्लू आहे तर अखेरीस युधिष्ठिराने स्वर्गाच्या दारातही न सोडलेले कुत्रे आहे. तसबिरीत चालणारे कुत्रे फाटकाशी चालत नाही, एवढाच याचा अर्थ. आधुनिक साहित्यात पु. ल. देशपांडे यांच्या ‘पाळीव प्राणी’ने श्वानप्रेमी कुटुंबांची जी टर उडवली ती आम्हीही हसत हसत वाचतो, पण मध्यमवर्गीय मराठी मन त्या हसण्याच्या पुढे सरकलेच नाही, ही पु. लं.ची चूक नव्हे. तेच मन राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले ‘पाडस’ वाचून ज्योडीसाठी रडते. ते हरीण फ्लोरिडातले होते, नालीतले नव्हते, म्हणून त्याच्यासाठी रडणे अभिरुचीत बसते की काय न कळे.

असो. या कामाचे वर्ष भाद्रपदात सुरू होते. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे ६३ दिवसांचा. त्यामुळे भाद्रपद-आश्विनातला माज कार्तिक-मार्गशीर्षात पिल्लांच्या रूपाने उतरतो, आणि पौषापर्यंत ती पिल्ले आईचे दूध सोडून रस्त्यावर, म्हणजे चाकांखाली, जाण्याच्या वयाची होतात. त्या दिवसांत पहाटे फाटक उघडले की खोके दिसते. खोक्यात जुनी साडी, कधी पारले बिस्किटांचा पुडा, कधी चिठ्ठी. चिठ्ठीतली भाषा नेहमी आदरार्थी असते. प्राण्याला उपासमार होईल अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, आणि पहिल्या गुन्ह्याचा दंड आहे १० ते ५० रुपये. ५० रुपयांत आज एक लिटर दूधही येत नाही. खोक्यात बहुधा माद्या असतात. नर पिल्लाला वाटेत कोणी तरी मागून घेतलेले असते. पिल्लू पाहायला येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न रंगाचा नसतो, जातीचाही दुसरा. पहिला असतो ‘नर आहे ना?’ ही सवय कोठून लागली हे आपल्या राज्यात कोणी कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही.

आमच्यापैकी एकाचे घर अमरावतीत आहे, दुसऱ्याचे अकोल्यात. एका घरी जागा नसली की पिल्लू बडनेरा-मूर्तिजापूरमार्गे दुसऱ्या घरी जाते. आम्ही पिल्लांना नावे ठेवत नाही (हे दोन्ही अर्थांनी घ्यावे). नाव ठेवण्याचा हक्क नेणाऱ्याचा. तोवर ते ज्या ठिकाणी सापडले त्या ठिकाणाने ओळखले जाते. त्यामुळे आमच्या घरांत बडनेरा दूध पितो, वडाळी तलाव चपला फाडतो आणि गोरक्षण रोडला खरूज झालेली असते. गोरक्षणाच्या नावाच्या रस्त्यावर कुत्रीच्या रक्षणाची सोय नसावी यात तसा विरोधाभास काही नाही.

या दोन-तीन महिन्यांत मनाचे जे होते त्याला ‘भावनिक चढउतार’ असे गुळगुळीत नाव आहे. प्रत्यक्षात तो शरीराचा व्यवहार असतो. डोळे न उघडलेले पिल्लू आले तर दर दोन-तीन तासांनी बाटली. आईच्या जिभेचे काम कोमट पाण्यात बुडवलेल्या कापसाने करावे लागते, नाही तर त्याला लघवीही होत नाही. दहा-बारा दिवसांनी डोळ्यांची फट उघडते आणि त्या निळसर, अजून काहीच न दिसणाऱ्या डोळ्यांकडे पाहून शिकलेली-सवरलेली माणसे रात्री तीन वाजता एकमेकांना उठवतात. पुढे पहिले भुंकणे येते, ज्याने ते स्वतःच दचकते. मे महिन्यातले पिल्लू असेल तर घरातली कूलरपुढची जागा त्याची. २०२४ च्या मे महिन्यात उष्णतेमुळे अकोला जिल्ह्यात जमावबंदीचे कलम लावावे लागले होते, त्या आठवड्यात तर ओल्या पोत्यावरून पिल्लू उठले की आम्ही तेथे बसत होतो.

आणि मग पार्व्हो. १९७८ च्या सुमारास जगाला ठाऊक झालेला हा विषाणू लस न घेतलेल्या पिल्लाला चार-पाच दिवसांत संपवतो. आदल्या संध्याकाळी दूध टाकले, सकाळी उलटी, दुपारी रक्ताची हगवण, आणि तो वास, जो एकदा घेतला की पुढच्या वेळी निदानासाठी डॉक्टर लागत नाही. मग मांडीवर घेऊन सलाईन. पाचव्या दिवशी पिल्लू स्वतः उठून वाटीतले पाणी प्याले तर त्या आनंदाची तुलना आम्हांला कशाशीही करता आलेली नाही. विद्यापीठाच्या कोणत्याही पदवीशी तर नाहीच. आणि नाही प्याले, तर अंगण ब्लीचिंग पावडरने धुवायचे, कपडे, भांडी, खोके जाळायचे, आणि पुढे कित्येक महिने लस न झालेले पिल्लू घरात घ्यायचे नाही, कारण हा विषाणू मातीत टिकून राहतो. माणसाचे सुतक दहा-तेरा दिवसांत फिटते, हे लांबते. त्या काळात फाटकाशी येणाऱ्या प्रत्येक खोक्याला नाही म्हणावे लागते. एका मरणामागे असे पाच नकार येतात, आणि नकार दिलेल्या पिल्लांचे पुढे काय होते ते दिसत असते, कारण रस्ता तोच असतो.

दुसऱ्या दिवशी आठचा तास असतो. ‘घरी काही झाले का?’ या प्रश्नाला देण्याजोगे उत्तर नसते. केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ मध्ये समाज ज्याला मान्यता देत नाही अशा दुःखाविषयी लिहिले: ज्या दुःखाला ना रजा, ना भेटायला येणारी माणसे, ना ते उच्चारण्याची मुभा. ते वाचल्यावर बरे वाटले असे नाही. पण आपण वेडे नाही एवढे कळले.

तरीही मरण हे या कामातले सर्वांत वाईट नव्हे. सर्वांत वाईट असते परत येणे. बोरगाव मंजूजवळ सापडलेला एक तांबूस नर सात आठवडे राहून एका घरी गेला. घर चांगले, माणसे शिकलेली, अंगण मोठे. पहिल्या आठवड्यात रोज छायाचित्रे आली, दुसऱ्या आठवड्यात एक, तिसऱ्यात नाही. पाचव्या आठवड्यात ते गृहस्थ त्याला मोटारीच्या डिकीतून घेऊन आले. कारणे त्यांनी ओळीने सांगितली: घाण करतो, सासूबाईंना चालत नाही, शिवाय आम्हांला वाटले होते जर्मन निघेल. रस्त्यावरचे पिल्लू वाढून जर्मन शेफर्ड निघेल या आशेवर त्याला पाच आठवडे अंगणात बांधले गेले होते. आमच्याकडे असताना फाटक वाजले की सर्वांत आधी धावणारे ते पिल्लू परत आल्यावर फाटक वाजले की पलंगाखाली जाऊ लागले. त्याला पुन्हा देण्याजोगे करायला चार महिने लागले. ते ‘करणे’ म्हणजे काय, तर रोज संध्याकाळी फाटकाशी बसून, आलेला माणूस त्याला नेण्यासाठी आलेला नाही हे पटवणे. आणि ते पटले की नेणाऱ्याला बोलावणे. हा विश्वासघात आहे हे आम्हांला कोणी सांगायला नको. तो आम्ही जाणून, ठरवून करतो.

का करतो याचे उत्तर अंकगणिताचे आहे. घरात राहू शकणारी कुत्री दोन. फार ताणले तर तीन. तिसरे कायमचे ठेवले त्या दिवशी ते घर खोक्यांसाठी बंद झाले. ‘ठेवूनच घ्या’ असे सांगणारा माणूस नकळत पुढच्या पौषातल्या साऱ्या पिल्लांच्या तोंडावर फाटक लावायला सांगत असतो. आणि आमचा अनुभव असा, की हा सल्ला देणाऱ्यांत ज्यांनी स्वतः आमच्या फाटकाशी खोके ठेवले त्यांचे प्रमाण लक्षणीय आहे. भावना आमची, पिल्लू आमचे, आणि दोन्हींचे मूल्यमापन त्यांचे!

दुसरा वर्ग सांत्वन करणाऱ्यांचा. ‘मुलीला सासरी पाठवल्यासारखंच आहे हो’ हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकले आहे की त्याचे व्याकरण चालवावेसे वाटते. देऊन होणाऱ्या दुःखासाठी मराठीत पाठवणी ही एकच तयार चौकट आहे, म्हणून लोक तिच्यात हात घालतात. पण ती येथे बसत नाही. पाठवणीत रडण्याला समाजाचा मान असतो, सनई असते, दिवाळीला माहेर असते, आणि जाणारीला आपण कोठे व का चाललो हे ठाऊक असते. पिल्लाला यांतले काहीही नाही. ते दुसऱ्याच्या स्कूटरवर पिशवीत बसते आणि वळणापर्यंत आमच्याकडे पाहत राहते. त्याच्या न कळण्यावर ही उपमा पांघरूण घालते, म्हणून आम्हांला ती नको. याच वर्गातले काही जण आम्हांला ‘देवमाणूस’ म्हणतात. देवमाणसाला दमायची, चिडायची, यंदा नाही जमणार असे म्हणायची सोय नसते. म्हणून तर माणसांना देवमाणूस करण्याची आपल्याकडे एवढी घाई.

मुळात ‘भूतदया’ हा शब्दच आम्हांला खुपू लागला आहे. दया वरून खाली वाहते, आणि करणाऱ्याला लगेच सुख देऊन जाते. राज्यघटनेच्या ५१-क कलमात १९७६ साली जी मूलभूत कर्तव्ये आली त्यांतही प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धीच आहे. ज्ञानेश्वरांनी पसायदानात जिवांमध्ये मागितली ती दया नव्हे, मैत्री. आणि आमच्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरशी ज्याचे नाते आहे त्या महानुभाव परंपरेच्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरांची सशाची लीळा आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरांच्या मांडीखाली शिरतो, पारधी मागतात, स्वामी देत नाहीत, शरण आलेल्याचे रक्षण करतात. विद्यार्थ्यांना आम्ही ही लीळा अहिंसेसाठी शिकवत आलो. तिचा शेवट मात्र वर्गात घाईने उरकला जातो: धोका टळल्यावर स्वामी मांडी उचलतात आणि सशाला जायला सांगतात. ठेवून घेत नाहीत, आश्रमातला ससा करत नाहीत. ‘एवढा जीव लावता तं’ असे तेथे कोणी म्हणाले नाही. (त्या लीळेत सशामागे लागलेली कुत्रीच होती, हे आमचे विद्यार्थी आवर्जून दाखवून देतात. मान्य.)

आता तिसरा आक्षेप, जो सर्वांत जड आवाजात येतो: शेतकरी मरतो आहे आणि तुम्ही कुत्र्यांचे कसले दुःख करता? अमरावती आणि अकोला हे २००६ साली पंतप्रधानांनी ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले त्यांतले दोन. हे आम्हांला वर्गात बसलेल्या मुलांच्या चेहऱ्यांवरून ठाऊक आहे. पण एक गोष्ट नोंदवून ठेवतो: हा आक्षेप आम्हांला आजवर एकाही शेतकऱ्याने घेतलेला नाही. घेतला तो पगारदारांनी. याच अमरावतीत शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभे केले, आणि अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकर टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांचे जन्मभराचे बाप झाले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाशेजारी आमचे काम ठेवण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. मात्र माणसांचे दुःख पुढे करून आमचे तोंड बंद करणाऱ्यांना आम्ही ‘वझ्झरला तुम्ही कधी गेलात?’ असे विचारून पाहिले आहे. संभाषण तेथे थांबते. रस्त्यावर मुलांना कुत्री चावतात, रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, हेही खरे. ज्यांच्या घरी हे घडले त्यांच्याशी आमचा वाद असूच शकत नाही. आम्ही उचललेले प्रत्येक पिल्लू लस टोचून, नसबंदीच्या अटीवर जाते. या प्रश्नावर रागावलेल्यांनी आणि आम्ही एकाच बाजूला उभे असायला हवे.

कारण खरे भांडण अन्यत्र आहे. भटक्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण ही स्थानिक स्वराज्य संस्थांची जबाबदारी असल्याचे २००१ च्या नियमांत होते, २०२३ च्या नव्या नियमांतही आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुत्री पकडून, नसबंदी-लसीकरण करून पुन्हा त्याच भागात सोडावीत असे सांगितले, रेबीज झालेली व आक्रमक वगळून. दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांनी पालिकेकडे अर्ज करावा असेही सांगितले. मग ७ नोव्हेंबर २०२५ चा आदेश आला: शाळा-महाविद्यालये, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस व रेल्वे स्थानके यांच्या आवारांतली कुत्री निवारागृहांत हलवावीत आणि परत तेथे सोडू नयेत. आदेशाच्या बऱ्यावाईटाची चर्चा कायदा जाणणाऱ्यांनी करावी. आम्हांला दिसले ते एवढेच, की त्या आदेशानंतर आमचे फोन वाजू लागले. ‘सर, तुमच्याकडे सोय आहे ना?’ वर्षानुवर्षे ग्रंथालयाच्या पायरीवर निजणारी, नसबंदी झालेली, मुलांच्या डब्यातल्या पोळीवर जगणारी म्हातारी कुत्री ‘सोय’ या एका शब्दात आमच्या अंगणात येऊन पडतात. त्या आदेशाच्या जगात पालिका आहे, निवारागृह आहे, दत्तक घेणारा आहे. पालिका आणि दत्तकाच्या मधले, तीन महिने जागणारे घर त्यात कोठे दिसत नाही. ज्याला भाषेत शब्द नाही त्याला कागदावर रकाना कोठून असणार?

जून २०२२ मध्ये आमच्या याच अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकण्यात आला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. अभिमान आम्हांलाही वाटला. त्या गुळगुळीत रस्त्यावर वाहने वेगाने जातात, आणि मोडक्या कमरेची कुत्री उचलायला आम्ही त्याच रस्त्याने जातो. इच्छा असली तर येथे काय होऊ शकते हे त्या १०५ तासांनी दाखवले आहे. मग दोन शहरांत पिल्लांच्या हंगामापुरत्या चार खोल्या, एक पशुवैद्यक आणि लसींचा साठा एवढे का होत नाही? आमचे उत्तर कटू आहे. होत नाही, कारण आमच्यासारख्यांचा जीव लागतो हे सर्वांना माहीत आहे. रात्री जागणारे कोणी तरी आहे, खिशातून सलाईन आणणारे आहे, देताना रडून पुन्हा खोके उचलणारे आहे. ज्याला आमचा हळवेपणा म्हणतात तो कोणाच्या तरी अंदाजपत्रकातला वाचलेला खर्च आहे. आमच्या अश्रूंचे कौतुक करणारे आणि त्यांची टिंगल करणारे, दोघेही हा हिशेब मांडू देत नाहीत.

म्हणून गेल्या हंगामापासून दोन्ही घरांच्या दारात एक वही ठेवली आहे. पिल्लू आणणाऱ्याने तीत नाव-पत्ता लिहावा, पहिल्या दोन लसींचा खर्च द्यावा, आठवड्यातून एक रात्र येऊन जागावे, आणि मादी असेल तर नसबंदीच्या दिवशी हजर राहावे. बऱ्याच जणांची भूतदया वही पाहून फाटकातूनच परत फिरली. काही जण रागावले. एका गृहस्थांनी आम्ही धंदा मांडल्याचे कॉलनीभर सांगितले. अकोल्याच्या घरी डाबकी रोडवर भाजी विकणाऱ्या एका बाईंनी मात्र दोन काळ्या माद्यांपुढे सही केली. त्या दर गुरुवारी हातगाडी लावून रात्री नऊला येतात, आणि लिलावाला वेळेवर पोचायचे असते म्हणून पहाटे साडेचारला, बाटल्या उकळून ठेवून, जातात.